नवी गाडी, लांबचा रस्ता आणि आमची वही



आम्ही कोपरगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. पापड, कुरडया, शेवया, लोणची आणि मसाले करतो. यंदा गटाने एक नवी सात आसनी पेट्रोल गाडी घेतली. गाडी गटातल्या एका ताईंच्या नावावर आहे, बँकेचा हप्ता मात्र सगळ्या मिळून भरतो. या हिवाळ्यात ती गाडी घेऊन आम्ही पाचजणी माल भरून नागपूरच्या प्रदर्शनाला गेलो आणि परत आलो. जाताना-येताना गाडी चालवली ती आमच्यातल्याच दोघींनी. तेव्हापासून शेजारच्या गावांतले गट विचारतात, "गाडी कशी चालली? परवडते का? बायकांना जमतं का?" या तीन प्रश्नांची उत्तरं आज देणार आहोत. गाडीच्या कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण आम्हाला जाहिरात करायची नाही. जे सांगू ते कोणत्याही नव्या गाडीला लागू पडेल.

आधी रस्त्याबद्दल. समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर लांब आहे आणि दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. आमच्या वाट्याला शिर्डी ते नागपूर हा ५२० किलोमीटरचा तुकडा आला. रस्ता सहा पदरी, म्हणजे जायला तीन आणि यायला तीन. सपाटीवर छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. सिग्नल नाही, चौक नाही, मध्ये गाव नाही. ऐकायला फार सोपं वाटतं, पण अवघड काम तिथूनच सुरू होतं.

गटाच्या बैठकीत हा प्रवास ठरला तेव्हा दोन मतं होती. काही जणी म्हणाल्या, पाच घरच्या बाया एका गाडीत, काही झालं तर पाच घरं उघडी पडतील. ही भीती खोटी नव्हती. १ जुलै २०२३ ला याच महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. दुसऱ्या बाजूने प्रश्न पोटाचा होता. माल गावात विकला तर किती जाणार? म्हणून बैठकीत ठरलं की जायचं, पण आधी तयारी करायची, आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. गाडी पुढे लांबच्या प्रदर्शनांना न्यायची की तालुक्यापुरती ठेवायची, याचा निकाल त्या वहीवर लावायचा.

तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे गाडीला थोडं रुळू देणं. नव्या गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं ते बहुतेक घरांत डिक्कीत तसंच पडून असतं. आमच्या एका ताईंच्या बारावीतल्या मुलीने ते आम्हाला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की सुरुवातीचे हजार किलोमीटर इंजिन फार ताणायचं नाही, आणि एकाच वेगाने तासन् तास चालवायचं नाही. म्हणून आम्ही आधी गाडी कोपरगाव, येवला, राहाता अशी जवळपास फिरवली, पहिली सर्व्हिसिंग करून घेतली आणि मगच लांब निघालो.

दुसरी गोष्ट टायरची हवा. किती हवा भरायची, याचा तक्ता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. त्यात दोन आकडे असतात. एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. पूर्ण भाराला मागच्या चाकांत जास्त हवा लागते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उठते आणि तापते. गावातल्या रस्त्यावर ते लक्षात येत नाही. तासाला शंभरच्या वेगाने तास-दोन तास पळालं की तोच तापलेला टायर फुटू शकतो. हवा टायर गार असताना मोजायची, म्हणजे सकाळी निघायच्या आधी. आम्ही हवा मोजायचं छोटं यंत्र विकत घेतलं आणि त्याचा उपयोगही झाला. एका पंपावरच्या मुलाने विचारलंसुद्धा नाही, सगळ्या चाकांत सारखीच हवा भरली. आम्ही आमच्या यंत्राने मोजून मागच्या दोन चाकांत पुन्हा भरून घेतली. स्टेपनीची हवाही बघायची. हल्लीच्या काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ८० च्या पुढे जाऊ नका असं लिहिलेलं असतं. ती पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे वजन. सात आसनं आहेत म्हणून सात माणसं आणि वर पोती, असं चालत नाही. गाडीने एकूण किती वजन न्यायचं हे ठरलेलं असतं. आम्ही मागची रांग आडवी केली आणि दीडशे किलो माल ठेवला. लोणच्याच्या बरण्या आणि मसाला खाली, आसनाच्या पाठीला टेकवून. पापड-कुरडयांचे हलके खोके वर. सगळं दोरीने बांधलं. जोरात ब्रेक लागला तर न बांधलेली बरणी दगडासारखी पुढे येते. टपावर काहीही बांधलं नाही, कारण टपावरच्या ओझ्याला वारा अडतो, पेट्रोल जास्त जातं आणि वळणावर गाडी झुकते.

आता बाईमाणसाच्या चार गोष्टी, ज्या गाडीच्या पुस्तकात धड लिहिलेल्या नसतात. आमच्या गाडी चालवणाऱ्या दोघीही उंचीने लहान आहेत. सीट वर घेता येते ती आम्ही वर घेतली. क्लच पूर्ण दाबता आला पाहिजे, पण छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभराहून थोडं जास्त, म्हणजे दहा इंच तरी अंतर हवं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. फार जवळ बसलं तर तिचाच मार लागतो. चालवताना दोघींनी पंजाबी ड्रेस घातला आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल. सुटी चप्पल पेडलखाली अडकते.

पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागे बसणाऱ्यांनीही. कायद्यानेच तो सक्तीचा आहे. साडीवर पट्टा लावताना पदर आधी नीट खोचून घ्या, पट्ट्याला पीळ पडू देऊ नका. खालचा पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून जाऊ द्या. पोटुशी बाई असेल तर तो पोटाच्या खालून आणि वरचा दोन छात्यांच्या मधून. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. आणि एक सांगतो, राग मानू नका. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगची खूण असते, तिथे आपण गणपती चिकटवतो, नारळ ठेवतो. एअरबॅग फुगली की ती वस्तू समोरच्या माणसाच्या तोंडावर येते. आम्ही आमचा गणपती मधल्या, एअरबॅग नसलेल्या जागी छोट्या चित्राच्या रूपात ठेवला. श्रद्धाही राहिली, डोकंही राहिलं.

आता प्रत्यक्ष प्रवास. सकाळी सातला, उजाडल्यावर निघालो. रात्री निघून पहाटे पोचायचं, असं बरेच ड्रायव्हर करतात. आम्ही ते ठरवूनच टाळलं. टाकी गावाजवळच काठोकाठ भरली, कारण महामार्गावर पंप दूरदूर आहेत. फास्टॅगमध्ये पैसे आधी टाकले. या रस्त्यावर जितके किलोमीटर तितका टोल. १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा दर आहे. आमच्या ५२० किलोमीटरला एका बाजूने साधारण १,०७० रुपये झाले.

जाताना वेग ८५ ते ९० ठेवला. गाडीत माल होता, पाच माणसं होती, तरी ती स्थिर चालली. मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने हलकासा धक्का बसायचा, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, एवढंच. चढाला मात्र भरलेली गाडी पाचव्या गिअरमध्ये दमते. तेव्हा चौथा टाकायचा. ट्रक ओलांडताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग उजवी लेन, आणि झालं की परत मधल्या लेनमध्ये. पूर्ण भाराने गाडी वेग घ्यायला वेळ लावते, म्हणून मागून कोणी जोरात येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. नव्या गाडीत वेग ८० च्या वर गेला की अधूनमधून टुणटुण वाजतं आणि १२० च्या वर गेला की सतत वाजत राहतं. आमच्या एका ताई म्हणाल्या, "बरंय, सासूबाई सोबत आहेत."

खरी परीक्षा जालना मागे पडल्यावर झाली. सरळ रस्ता, दोन्हीकडे मोकळं रान, इंजिनाचा एकसुरी आवाज. डोळे उघडे असतात पण मन सुन्न होतं. झोप आली हे चालवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून आमचा नियम होता की दोन तास झाले की थांबायचं आणि ड्रायव्हर बदलायचा, दमली असो वा नसो. पुढे शेजारी बसणारीने झोपायचं नाही, बोलत राहायचं. एसी लावून आतलीच हवा फिरवत ठेवली तर गुंगी येते, तेव्हा मधून मधून बाहेरची हवा घ्यायचं बटण दाबायचं. आणि थांबायचं ते ठरलेल्या थांब्यावरच, रस्त्याच्या कडेला नाही. कडेला उभ्या असलेल्या वाहनावर मागून आदळून या रस्त्यावर माणसं गेली आहेत.

गाडी बंदच पडली तर काय? चारी इंडिकेटर लावायचे, सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरायचं, लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. लाल त्रिकोण मागे पन्नासेक पावलं तरी दूर ठेवायचा. मग फोन. ११२ वर मदत, १०८ वर रुग्णवाहिका. गाडीत बसून वाट बघायची नाही. हे आम्ही निघायच्या आधी अंगणात एकदा करून पाहिलं. कुठल्या बाजूचं दार आतून कसं उघडतं, हेही पाचहीजणींनी स्वतः उघडून पाहिलं.

आता जो विषय बायका कुजबुजत बोलतात तो मोठ्याने बोलू या. स्वच्छतागृह. प्रवासात लघवीला जायला लागू नये म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, जळजळ होते, लघवीचा संसर्ग होतो. आणि चालवणारीने पाणी न पिणं म्हणजे तिचं लक्ष कमी होणं. आम्ही ठरवलं की पाणी प्यायचं आणि दर थांब्यावरच्या स्वच्छतागृहाची नोंद करायची. जाता-येता सहा ठिकाणी थांबलो. तीन ठिकाणी बरं होतं. दोन ठिकाणी पाणी नव्हतं. एका पंपावर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, चावी "मालकाकडे" होती. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी ग्राहकाला फुकट द्यायच्या असतात आणि तिथे तक्रार वही ठेवायची असते. आम्ही ती वही मागितली. वही येण्याआधी चावी आली! तरीही आम्ही तक्रार लिहिली, कारण आमच्या मागून येणारीला ती चावी मिळायला हवी.

सहा तास दहा मिनिटं गाडी चालली, दीड तास थांबलो, आणि तीनच्या आत नागपूरला पोचलो. एकही बरणी फुटली नाही.

परत येताना माल जवळजवळ संपला होता, गाडी हलकी होती. येताना वेग १०५ ते ११० ठेवून पाहायचं आम्ही आधीच ठरवलं होतं, मर्यादेच्या आतच, म्हणजे तुलना करता येईल. पाच तासांत आलो. आता वहीतला हिशोब ऐका. दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून निघालो आणि पोचल्यावर पुन्हा काठोकाठ भरली. म्हणजे जेवढं दुसऱ्यांदा मावलं तेवढं जळलं. गाडीतल्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हा हिशोब भरवशाचा. गावापासून मुक्कामापर्यंत ५४५ किलोमीटर झाले. जाताना भरलेल्या गाडीला ३१ लिटर लागलं, म्हणजे लिटरला साडेसतरा किलोमीटर. येताना रिकाम्या गाडीला ३७ लिटर, म्हणजे लिटरला पावणेपंधरा.

हलकी गाडी जास्त पेट्रोल प्यायली. कारण वारा. वेग वाढतो त्याच्या कितीतरी जास्त पटीने वाऱ्याचा अडथळा वाढतो. येताना थोडा चढ होता आणि वारा समोरून होता, म्हणून सगळा फरक वेगाचाच असं आम्ही म्हणत नाही. पण बराचसा त्याचाच. सहा लिटर म्हणजे सव्वासहाशे रुपये जास्त गेले आणि वाचला एक तास दहा मिनिटं. त्यात आणखी एक गोष्ट. ८० च्या वेगाला ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत जेवढा रस्ता लागतो, त्याच्या सव्वादोन पट १२० ला लागतो. समोर नीलगाय आली, टायरचा तुकडा पडलेला दिसला, तर तेवढाच रस्ता आपल्या हातात असतो.

एकूण खर्च असा. पेट्रोल ६८ लिटर, सुमारे ७,०७० रुपये. टोल सुमारे २,१४० रुपये. झाले ९,२१०. पण इथे थांबलं तर हिशोब अर्धवट राहतो. टायर झिजतात, सर्व्हिसिंग येते, विमा येतो. त्यासाठी आम्ही किलोमीटरला तीन रुपये वेगळे काढतो. १,०९० किलोमीटरचे ३,२७० रुपये. म्हणजे फेरी पडली साडेबारा हजारांच्या आसपास, बँकेचा हप्ता सोडून. भाड्याच्या गाडीवाल्याने पाच दिवसांचे अठरा हजार सांगितले होते. फरक साडेपाच हजारांचा. म्हणून आम्ही सांगतो, वर्षात अशा पाच-सहा फेऱ्या आणि तालुक्यातली रोजची कामं असतील तरच गटाने स्वतःची गाडी घ्यावी. एक-दोन फेऱ्यांसाठी भाड्याची गाडीच स्वस्त. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. भाडं मारायचं असेल तर पिवळी पाटी, परवाना आणि त्या प्रकारचा विमा हवा. नाहीतर अपघातात विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

विम्यावरून आठवलं. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार बिनपैशांनी मिळू शकतात. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, हे कायद्यातच आहे. रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर घाबरून पुढे जाऊ नका.

परत आल्यावर बैठक झाली. वही सगळ्यांसमोर वाचली. ज्यांनी आधी विरोध केला होता त्या ताईंनी दोन अटी घातल्या आणि त्या आम्ही एकमताने मान्य केल्या. लांबच्या प्रवासाला दोन परवानाधारक ड्रायव्हर असल्याशिवाय गाडी निघणार नाही. आणि महामार्गावर नव्वदच्या वर गटाची गाडी जाणार नाही, कोणी कितीही घाई केली तरी. ठराव लिहिला, सह्या झाल्या. दोन ड्रायव्हर कायम मिळावेत म्हणून आणखी तिघींनी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केलाय. त्यातल्या एक पंचेचाळीस वर्षांच्या आहेत.

तर मैत्रिणींनो, तुमचा गट गाडी घेणार असेल तर घेण्याआधी आमच्याकडे या. वही दाखवू, गाडीही दाखवू. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी एवढंच करा. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवरचा तक्ता वाचा आणि चारी चाकांची हवा मोजा. आणि तुमच्या वाटेवरच्या पंपावर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं तर तक्रार वही मागा. सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून आम्ही त्या प्रभागसंघाच्या पुढच्या सभेत मांडणार आहोत.

सावकाश जा, पाणी पीत जा, सुखरूप घरी या.